असणारच

मासाळ सर या उन्हाळ्यात गेले. त्यांच्याबद्दल लिहू का, हे मी त्यांच्या मुलाला विचारलं नाही. तो पुण्यात असतो आणि त्याला सध्या वडिलांपेक्षा वडिलांच्या घराची काळजी जास्त आहे. मी विचारलं ते सांगलीच्या केरबा कांबळ्यांना. फोनवर ते "लिव्हा" म्हणाले आणि स्वतःच्या गुडघ्यांबद्दल बोलायला लागले. तेव्हा हे रीतसर परवानगी घेऊन लिहिलेलं आहे. परवानगी कांबळ्यांचीच का लागावी, ते पुढे कळेल.

सर आमच्या साताऱ्याच्या कॉलनीत, भिंतीला भिंत लागून राहायचे. मुंबईत एका सरकारी संशोधनसंस्थेत सगळी नोकरी करून ते निवृत्तीनंतर इकडे आले होते. मी ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवते. शेजारी अणुशास्त्रज्ञ राहायला आल्याचं कळल्यावर मला कोण आनंद झाला! मी प्रश्नांची यादी मनात घोकत त्यांच्याकडे गेले, तर त्यांनी मलाच विचारलं, नळाला पाणी किती वाजता येतं आणि किती वेळ टिकतं. माझ्या प्रश्नांची पाळी त्या दिवशी आलीच नाही.

त्या संस्थेचं नाव ते कधी घेत नसत. 'हापिस' म्हणत. आणि बाँब हा शब्द तर मी त्यांच्या तोंडून एकदाच ऐकला. एरवी 'ते काम'. ते कामाला लागले तो काळ वाळवंटातल्या पहिल्या चाचणीच्या आधीचा. पुढे ते स्वतःही त्याच कामात होते, बऱ्यापैकी वरच्या जागेवर होते, एवढं कॉलनीला ठाऊक होतं. त्यावरून कॉलनीतल्या पोरांनी त्यांना 'धमाका आजोबा' असं नाव ठेवलं होतं. सरांना ते ठाऊक होतं आणि आवडत नव्हतं.

माणूस उंच, सडपातळ, उन्हानं कायमचा रापलेला. चाळीस वर्षं मुंबईच्या एसीत बसूनही तो रंग उतरला नव्हता. सकाळी फिरायला आमची चारपाच जणांची टोळी निघायची. सर नेहमी सगळ्यांच्या मागून चालायचे. पुढे या म्हटलं तरी येत नसत. त्यांच्याशी बोलायचं तर मान वळवून वळवून बोलावं लागे आणि घरी येईपर्यंत मान अवघडून जाई. एकदा मी वैतागून म्हटलं, सर, ही काय पद्धत? ते म्हणाले, "मेंढरं मागनंच दिसत्यात, बाई. फुडं चालणाऱ्याला काय दिसतंय?" आम्हाला मेंढरांत काढलं हे माझ्या घरी आल्यावर लक्षात आलं.

आटपाडीच्या अंगाला त्यांचं गाव. घर धनगराचं. वडील पावसाळा सोडला तर वर्षभर मेंढरं घेऊन कृष्णाकाठानं फिरत. सर दोन भाषा बोलत. परक्यांशी बोलताना कोणत्याही साहेबाची असावी तशी स्वच्छ पुस्तकी मराठी, आणि मन लागलं की गावाकडची. आमच्याशी ओळख वाढली तशी पहिली भाषा कमी होत गेली.

त्यांची एक खोड मात्र मला फार लागायची. हा माणूस कशालाही चांगलं म्हणत नसे. माझी मुलगी बारावीला कॉलेजात पहिली आली. पेढे घेऊन गेले तर म्हणाले, "बरं हाय." माझ्या पुरणपोळीला "जरा कोरडी झाली" म्हणाले आणि चौथी मागून घेतली. एकदा मी भांडलेच. म्हटलं, सर, तुमच्या तोंडून एक चांगला शब्द निघाला तर काय बिघडेल? तेव्हा त्यांनी वडिलांची गोष्ट सांगितली. कळपातली सगळ्यात गुणाची मेंढी असेल ना, तिच्याबद्दल वडील व्यापाऱ्याला सांगायचे, ही लंगडी हाय. दुसरीच्या अंगात काही नसलं तरी तिचं कौतुक करायचे. व्यापारी कौतुकाची मेंढी घेऊन जायचा आणि लंगडी घरात राहायची. "चांगल्याला चांगलं म्हनलं की ते जातंय," सर म्हणाले. "नजरंनं जातंय, न्हाईतर व्यापाऱ्याच्या हातानं." ते ऐकून माझा राग गेला. त्यानंतर त्यांनी माझ्या आमटीला नावं ठेवली की मी आणखी वाढायची.

दुसरी त्यांची ख्याती वाटे घालण्याची. कॉलनीच्या कोपऱ्यावर दोन सख्खे भाऊ राहतात. मध्ये आंब्याचं झाड, आणि दर मे महिन्यात त्यावरून एकमेकांच्या सात पिढ्यांचा उद्धार. एका वर्षी सरांनी मध्ये पडून सांगितलं की थोरल्यानं आंब्यांचे दोन वाटे पाडायचे आणि धाकट्यानं त्यातला आधी उचलायचा. थोरला बिचारा अर्धा दिवस सतरंजीवर बसून आंबा इकडचा तिकडे करत होता. वाटे असे बरोबर पडले की धाकट्याला कुठला उचलावा कळेना. भांडण मिटलं. मेंढरांची वाटणीही अशीच होते म्हणे, वाटे पाडणाऱ्यानं शेवटी घ्यायचं. मी भारावून म्हटलं, सर, यात लबाडीला जागाच नाही. ते माझ्याकडे बघत राहिले. "हाय की," म्हणाले. "वाटा नुसता हातानं पडत न्हाई. तोंडानं बी पडतो." आणि आत निघून गेले. मला वाटलं, उन्हात बसून कंटाळले असतील.

गेल्या हिवाळ्यात सांगलीहून एका संस्थेचे लोक आले. त्यांना सरांचा सत्कार करायचा होता. जिल्ह्याचा सुपुत्र, अणुशक्तीचा शिल्पकार, वगैरे. सरांनी सरळ नाही म्हणून सांगितलं. ते लोक माझ्याकडे आले, मी मध्यस्थी करायला गेले. सर कट्ट्यावर शेंगा फोडत बसले होते. मी बरंच काही बोलले, त्यांनी ऐकलं की नाही कोण जाणे. मग त्यांनी विचारलं, सांगलीत केरबा कांबळे म्हणून एक निवृत्त हायस्कूल शिक्षक आहेत, ते अजून आहेत का, हे त्या लोकांना विचाराल का? मी विचारलं. आहेत, विश्रामबागेत राहतात, असा निरोप आला. दुसऱ्या दिवशी सर म्हणाले, "येतो म्हनून सांगा. पर सभेच्या आधी मला त्याच्या घरी न्या. त्याच्याबद्दल मी एक वाक्य बोललोय, ते मला माघारी घ्यायचंय."

गाडी मी चालवत होते. सर मागच्या सीटवर. तिथंही मागेच. कराडला चहाला थांबलो तेव्हा त्यांनी ती सगळी हकिकत सांगितली. इतकं सलग बोलताना मी त्यांना त्याआधी ऐकलं नव्हतं.

केरबा आणि ते शेजारशेजारच्या गावांतले. साताऱ्याला एका वसतिगृहात राहिले, एका ताटात जेवले. केरबाचं घर महाराचं. ते शाळेत असतानाच सगळं घर बौद्ध झालेलं. केरबा रसायनात दोघांत हुशार, आणि त्याला ते माहीत असल्यामुळे त्याचा आवाजही मोठा. दोघं एकापाठोपाठ मुंबईच्या हापिसात लागले. सरांकडे तरुणपणीच एक छोटासा गट आला. भुईमुगाच्या बियांवर किरणांचा मारा करायचा, त्या पेरायच्या, आणि उगवलेल्या झाडांत एखादं वेगळं निघतं का बघायचं. कमी पाण्यावर येणारं, टपोऱ्या दाण्याचं. आटपाडीच्या माणसाला यापेक्षा मोठं काम कुठलं असणार! केरबा त्या गटाचा कणा होता.

मग वरून ठरलं की 'ते काम' आता नेटानं करायचं. माणसं तेवढीच, कामं तिप्पट. कुठल्या कामाला आधी माणसं द्यायची यावर बैठका सुरू झाल्या. विजेच्या कामाचे प्रमुख म्हणायचे, आमच्या माणसांना हात लावू नका, वीज थांबली तर लोक शिव्या देतील. त्या कामाचे प्रमुख म्हणायचे, आमचं थांबलं तर शेजारी हसतील. सर त्या टेबलावर सगळ्यात तरुण. ते म्हणाले, आमच्याकडं दुष्काळ पडतो, शेंगांचं कामही थांबवू नका. त्यावर एक जण हसून म्हणाला, शेंगा थांबल्या तर कुणाला कळणारसुद्धा नाही. शेवटी तोडगा निघाला की लहान गटांनी आपली निम्मी माणसं द्यायची. कुठली निम्मी, यावर पुन्हा वाद. तेव्हा सरांनी घरची रीत काढली. मी माझ्या माणसांचे दोन वाटे पाडतो, तुम्ही आधी उचला. टेबलावर सगळ्यांना ते फार न्याय्य वाटलं.

वाटे पाडले. त्या कामाचे प्रमुख एकेक नाव वाचत होते. केरबाच्या नावावर थांबले. त्यांना धातू आणि रसायन जाणणारी माणसं हवीच होती. विचारलं, हा कसा आहे?

"आन मी म्हनालो, मंद हाय. समजायला येळ लागतो," सरांनी मला सांगितलं. चहाची बशी त्यांच्या हातात तशीच होती. "लंगडी म्हनलं म्हंजे मेंढी घरात राहती, एवढंच डोक्यात. दुसऱ्या कुनाबद्दल मी असं बोललो असतो, तर धा प्रश्न आले असते. मंद हाय तर नोकरीला लागला कसा? रसायनात पहिला आला कसा? ह्याच्याबद्दल इचारलं न्हाई. नुसतं म्हनले, असणारच. इंग्रजीत म्हनले, पर अर्थ त्योच. असणारच. आन दुसरा वाटा उचलला."

सरांनी बशी खाली ठेवली. मग म्हणाले, "बाई, व्यापाऱ्याला निदान मेंढीचा पाय तरी बघावासा वाटतो."

केरबा शेंगांत राहिला. शब्द मात्र टेबलावर राहिला नाही. कँटीनपर्यंत गेला, बढतीच्या बैठकांना गेला. कांबळे ना, हुशार असतील, पण मंद आहेत म्हणे. कोण म्हणालं? त्यांच्याच गावचा, त्यांचाच मित्र म्हणाला. मग काय, पुराव्याला पुरावा. वर्षभरात सरांना स्वतःला त्या कामावर बोलावणं आलं आणि ते गेले. शेंगांचा गट आकसत आकसत एका खोलीचा झाला. केरबाच्या बरोबरचे, नंतरचे, सगळे वर गेले. एक दिवस तो राजीनामा देऊन सांगलीला आला आणि हायस्कुलात विज्ञान शिकवायला लागला. जाताना सरांना भेटला नाही.

मी विचारलं, तुम्ही नंतर कुणाला खरं सांगितलं का नाही? मला राग आला होता आणि तो माझ्या आवाजात असणार. सर म्हणाले, पहिल्यांदा वाटलं पुढच्या बैठकीत सांगू. मग तिकडे बदली झाली. तिकडे गेल्यावर सांगायचं म्हणजे ज्यांच्या हाताखाली काम करायचं त्यांनाच, मी तुम्हाला फसवलं, असं सांगायचं. मग वरच्या जागेवर गेलो. वर गेल्यावर तर कोण कुणाला काय सांगतं? हे सगळं ते कसलीही सबब नसल्यासारखं सांगत होते. चहावर साय धरली होती.

कांबळ्यांच्या घरी सुनेनं दार उघडलं. कांबळे आतून काठी टेकत आले. ठेंगणे, गोरटेले, डोळे अजून तल्लख. सरांना बघून त्यांना आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही. दोघं समोरासमोर बसले आणि आधी गुडघे झाले, मग साखर झाली, मग गावात आता कोण उरलंय हे झालं. उरलेल्यांत फार नावं नव्हती. सून चहा ठेवून गेली. मी उठून बाहेर जायला निघाले तर कांबळे म्हणाले, बसा मॅडम, दोन म्हाताऱ्यांच्यात एक शुद्धीवरचं माणूस असू द्या.

मग सरांनी ते सांगितलं. वाटे, प्रमुखांचा प्रश्न, स्वतःचं उत्तर, आणि 'असणारच'. काही गाळलं नाही. कांबळे खिडकीबाहेर बघत ऐकत होते.

"मला ठाऊक हाय," ते म्हणाले. "मला ठेवून घ्याया बोललास, ते बी ठाऊक हाय. तुझ्या बापाला मी बघितलंय की मेंढरं इकताना."

सरांच्या चेहऱ्यावर काहीतरी सैल झालं. मलाही हायसं वाटलं. वाटलं, चला, मिटलं.

"पर मला जायचं हुतं, बिरू."

सरांना ते कळलंच नाही. त्यांनी पुन्हा विचारलं. कांबळ्यांनी पुन्हा तेच सांगितलं. तिकडे सगळी हुशार पोरं चालली होती. देशातलं सगळ्यात अवघड काम होतं. कांबळ्याचा केरबा तिथं जाऊन बसला असता, तर गावाला काय, सबंध तालुक्याला कळलं असतं. "तू मला इचारलं का? एका ताटात जेवत हुतो आपुन. एका शब्दानं इचारलं का, केरबा, तुला कुठं जायाचंय?"

सर म्हणाले, "बाँब हुता रं त्यो." त्यांच्या तोंडून तो शब्द मी ऐकला तो हा एकदाच. "त्यात तुझे हात नकोत म्हनून..."

"व्हय. मग तू का गेलास?"

खोलीत पंखा चालू होता. थंडीत कशाला चालू होता कोण जाणे. पुढे कांबळे बोलले ते अगदी हळू, जणू वर्गातल्या एखाद्या मुलाला समजावत होते. मेंढराचे वाटे पडतात, मेंढराला कुणी विचारत नाही, ते ठीक आहे. बापजाद्यांपासून आम्हाला कुणी विचारलं नव्हतं, तेही समजू शकतो. पण तू विचारशील असं मी धरून चाललो होतो.

सरांचे डोळे वाहत होते आणि ते पुसत नव्हते. तसेच ते म्हणाले, आज संध्याकाळी सभेत मी हे सांगणार. सगळ्यांसमोर. तू मंद नव्हतास, मी खोटं बोललो, आज माझ्या गळ्यात घालतायत ते हार तुझे आहेत. एवढं बोलून ते एकदम थबकले. त्यांच्या चेहऱ्यावर भीतीसारखं काहीतरी आलं.

"सांगू का, केरबा?" त्यांनी विचारलं. "तू म्हनशील तसं."

कांबळ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं. मला वाटतं, त्यांना तो प्रश्न आवडला. पण उत्तर त्यांनी सवलतीचं दिलं नाही.

"न्हाई," ते म्हणाले. "तू सांगशील, लोक म्हनतील, केवढ्या मनाचा मानूस. तुझी पाठ थोपटतील. आन माझं काय? म्हातारपणी गावभर व्हणार, ह्याला मंद म्हनले हुते. न्हाई. तुझं तुझ्याजवळ ठेव."

सरांनी मान डोलावली. निघताना त्यांनी कांबळ्यांना संध्याकाळी येणार का, असं विचारलं. बघू, म्हणाले.

संध्याकाळी सभागृह भरलेलं होतं. भाषणं झाली. एका वक्त्यानं सरांना ऋषी म्हटलं, दुसऱ्यानं त्याच्यावर ताण करून वज्र म्हटलं. सर खुर्चीत अंग चोरून बसले होते. प्रत्येक विशेषणाला त्यांचा खांदा थोडा आणखी खाली जात होता. तेवढ्यात मला दिसलं, तिसऱ्या रांगेच्या कडेला कांबळे येऊन बसले आहेत, सुनेला घेऊन, काठी गुडघ्यांत धरून.

सत्कार झाला. निवेदिकेनं सरांना बोलायला बोलावलं, आणि वर विचारलं, आपल्या या यशाचं श्रेय कुणाला द्याल? सर माइकपाशी आले. त्यांनी तिसऱ्या रांगेत पाहिलं. त्यांचे ओठ हलले, आणि मला धाकधूक व्हायला लागली की हा माणूस आता बोलणार. कांबळ्यांनी किंचित मान हलवली. नाही.

सर माइक धरून तसेच उभे राहिले. सभागृह शांत झालं. मग त्यांनी एवढंच म्हटलं, "मला काही बोलता येण्यासारखं नाही," आणि नमस्कार करून आपल्या खुर्चीकडे वळले.

लोकांना वाटलं, काय हा विनय! एवढा मोठा माणूस, आणि स्वतःबद्दल एक शब्द नाही. आधी पुढच्या रांगा उठल्या, मग सगळं सभागृह उभं राहिलं आणि टाळ्या थांबेनात. निवेदिका डोळे टिपत होती. सर खुर्चीपर्यंत पोहोचले होते, पण लोक उभे असल्यामुळे त्यांना बसता येईना. ते दोन्ही हात जोडून, पुरे, पुरे, असं खुणेनं सांगत होते, तसा आवाज आणखी वाढत होता. उभ्या माणसांच्या गर्दीतून त्यांना तिसरी रांग दिसत नसणार. मी कडेला होते, मला दिसत होती. तिथं कांबळे एकटे बसून होते, हातांची घडी घालून, आणि सर टाचा उंचावून, मान इकडेतिकडे करून त्यांना शोधत होते.